बक्षीस लागल्यानंतरची वर्षं

लॉटरी लागलेल्या माणसांचं पुढे काय होतं, याचा मला फार जुना ध्यास आहे. पैशाने सुख येतं का, हे नुसतं श्रीमंतांकडे बघून कळत नाही. पैसा आहे म्हणून माणूस खुशीत आहे, की मुळात धडधाकट आणि उमेदीचा होता म्हणून पैसा मिळवू शकला, ते वेगळं काढता येत नाही. लॉटरीत हा गुंता सुटतो. दोघांनी सारखीच तिकिटं घेतली, एकाला घबाड लागलं, दुसऱ्याच्या हाती कागद राहिला. दोघांत फरक फक्त नशिबाचा!

पार्श्वभूमी भराभर सांगून टाकतो. १९७४ मध्ये रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने दाखवलं, की एका देशात श्रीमंत लोक गरिबांपेक्षा सुखी असतात, पण देशाचं उत्पन्न वर्षानुवर्षं वाढलं तरी त्याचं सरासरी सुख त्या मानाने वाढत नाही. २०१० मध्ये डॅनिएल कानेमान आणि अँगस डीटन यांनी मांडलं, की वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही. २०२३ मध्ये खुद्द कानेमान यांनी मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्यासोबत त्यात दुरुस्ती केली : बहुतेकांचा आनंद पुढेही वाढत राहतो, अडतो तो सगळ्यात दुःखी गटाचा.

आता माझ्या आवडीच्या निबंधाकडे येतो. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या लॉटरीचे २२ विजेते गाठले. त्यांच्याच भागातली २२ साधी माणसं घेतली आणि अपघातात हातपाय लुळे पडलेले २९ जण. या निबंधाचा दाखला देऊन व्याख्यानांतून सर्रास सांगितलं जातं, की विजेता आणि अपघातग्रस्त थोड्याच दिवसांत सारखेच सुखी होतात. मूळ तक्ता उघडून बघा. ० ते ५ च्या मापावर विजेत्यांचं सुख ४.००, साध्या माणसांचं ३.८२ आणि अपघातग्रस्तांचं २.९६. याला सारखं म्हणायचं?

मला त्याच तक्त्यातले दुसरे आकडे जास्त हलवून जातात. मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद, मासिक चाळणं, यांत किती मजा येते असं विचारलं, तेव्हा विजेते ३.३३ वर घसरले. साधी माणसं ३.८२ वरच होती. मोठ्या आनंदाने नाश्त्याची चव थोडी पळवली, असा निष्कर्ष यातून निघाला. तो खराही असेल. पण २२ माणसांवर जगभराचं तत्त्वज्ञान उभं करणं मला पटत नाही.

म्हणून एरिक लिंडक्विस्ट, रॉबर्ट ऑस्टलिंग आणि डेव्हिड सेसारिनी यांचं स्वीडनमधलं काम मला मोलाचं वाटतं. ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. तिथल्या लॉटऱ्यांची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. एका योजनेत बँकेच्या बचत खात्यावरच सोडत निघायची. ‘ट्रिस’ नावाच्या, खरवडून बघायच्या तिकिटात काहींना रक्कम एकदम न मिळता पगारासारखी दरमहा, वर्षानुवर्षं मिळते. या संशोधकांनी तीन हजारांहून जास्त खेळणाऱ्यांना, सोडतीनंतर ५ ते २२ वर्षांनी, पत्ता काढून विचारलं. मोठं बक्षीस लागलेले लोक आपल्या एकूण आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले, आणि दहा वर्षं उलटली तरी ते समाधान ओसरलं नव्हतं. रोजच्या आनंदावर आणि मनःस्वास्थ्यावर परिणाम बराच कमी दिसला. समाधान आलं ते मुख्यतः पैशाची विवंचना मिटल्यामुळे.

आमच्या स्टेशनबाहेरच्या लॉटरीच्या टपरीवर मी वेळ मिळेल तेव्हा उभा राहतो. मटक्याला आळा बसावा म्हणून १९६९ मध्ये राज्य सरकारने सुरू केलेली ही लॉटरी. दिवाळी बंपरची तिकिटं चिमट्यांना लटकलेली असतात. एक वयस्क वॉचमनकाका शेवटचे आकडे निरखून तिकीट निवडत होते. बक्षीस लागलं तर काय करणार, विचारलं. “आधी पोरीच्या लग्नाचं कर्ज फेडीन, मग गावच्या घराला स्लॅब टाकीन,” ते म्हणाले. गाडी नाही, परदेशवारी नाही. पैशाने सुख मिळत नाही हे वाक्य मी अशा माणसाच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. ते कायम ज्यांचे हप्ते फिटलेत तेच बोलतात.

बक्षीस लागलेल्यांच्या शेजाऱ्यांचं मात्र वेगळं आहे. नेदरलँड्समध्ये पिनकोडवर लॉटरी निघते. पूर्वी जिंकलेल्या कोडमध्ये तिकिटामागे १२,५०० युरो मिळायचे आणि एकाला नवीकोरी बीएमडब्ल्यू. २०११ च्या अभ्यासात दिसलं, की तिकीटच न घेतलेले शेजारीही गाड्यांवर जास्त खर्च करू लागले. टपरीवाल्याला हे सांगितलं, तर त्याला नवल वाटलं नाही. मोठं बक्षीस लागलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडे पुन्हा फिरकत नाही म्हणे. खेळणं सुटत नाही. पण ओळखीचं कुणी बघू नये म्हणून ते पुढच्या स्टेशनावर जाऊन तिकीट काढतं.