जुन्या ध्वनिवर्धकातील ढिले आटे

गिटारसाठी बनविलेला व्हॉल्व्हचा जुना ध्वनिवर्धक गुणगुणू लागला, की दुरुस्ती करणाराची पहिली शंका व्हॉल्व्हवर व दुसरी धारित्रांवर जाते. चॅसिसवरील नट-बोल्ट त्याच्या लेखी केवळ सांगाडा बांधून ठेवण्याचे साधन असतात. प्रस्तुत लेखकही याच समजुतीत होता. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आणलेल्या अशाच एका ध्वनिवर्धकाची पुरवठ्याकडील धारित्रे बदलण्यात तीन दिवस गेले. गुणगुण तसूभरही कमी झाली नाही. अखेर आवाजाचे बटण सहज एका बाजूस रेटले गेले आणि ती एकाएकी थांबली. बटणामागील नट अर्ध्या फेऱ्याने सैल झालेला होता.

असे का व्हावे हे रचना पाहिल्यास ध्यानात येते. १९६० च्या दशकातील फेंडर कंपनीच्या ध्वनिवर्धकांचे उदाहरण घेऊ. त्यांचे चॅसिस पोलादी पत्र्याचे असून दर्शनी भिंतीच्या आतील अंगास पितळेची एक पातळ पट्टी असते. पूर्ववर्धन मंडलातील भूसंपर्काच्या तारा या पट्टीवर डाग देऊन जोडलेल्या असतात, आणि पट्टी चॅसिसला दाबून धरण्याचे काम पोटेन्शिऑमीटर व जॅक यांचे नट करतात. सारांश, हा नट जितका यांत्रिक तितकाच विद्युत् मंडलाचाही घटक आहे. दाब कमी झाला, पितळ व पोलाद यांमध्ये काजळी किंवा गंज शिरला, की सांध्याचा रोध वाढतो व मुख्य पुरवठ्याची गुणगुण क्षीण संकेतात मिसळते.

नट सैल होण्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. ध्वनिक्षेपक आणि चॅसिस एकाच लाकडी पेटीत असतात. वादन चालू असताना सर्व सांधे थरथरत असतात. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले, की बोल्टच्या अक्षाला आडव्या दिशेने जोडातील पृष्ठभाग एकमेकांवर घसरू लागले म्हणजे आट्यांतील घर्षण जणू नाहीसे होते व बोल्ट आपोआप उलगडत जातो. अक्षाच्या दिशेने होणारे कंपन त्या मानाने निरुपद्रवी ठरते. म्हणून खरा उपाय एकच: पृष्ठभाग घसरणारच नाहीत इतका दाब राखणे. रोहित्राच्या बोल्टांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे उष्णतेने कागद व रोगण आकसतात आणि मूळचा ताण हळूहळू ओसरतो.

कोणताही पाना हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. या यंत्रांत ४०० व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही धारित्रे भारित राहू शकतात. पुरेशा वॅटक्षमतेचा रोध जोडून ती रिकामी करावी व व्होल्टमापकाने खात्री करून घ्यावी. अनुभवी माणसाकडूनही या कामी चूक होते.

नट केवळ सैल असेल तर आतून पोटेन्शिऑमीटर हाताने धरून बाहेरून नट आवळावा. अन्यथा संपूर्ण भाग फिरून तारा तुटतात. संपर्काची जागा बारीक काचकागदाने स्वच्छ करून दातेरी वॉशर बसवावा. त्याची थोरवी नट अडवून ठेवण्यात फारशी नाही. त्याचे दात काजळीचा थर फोडून धातूपर्यंत पोचतात, हा त्याचा खरा उपयोग.

आटेच गेले असतील, किंवा कारागिरांच्या भाषेत ‘मेले’ असतील, तर मात्र प्रथम मूळ आटे कोणत्या मापाचे हे ठरवावे. अमेरिकन यंत्रांत आढळणारा ८-३२ मापाचा स्क्रू ४.१७ मि.मी. व्यासाचा असून इंचाला ३२ आटे, म्हणजे आट्यांतील अंतर ०.७९ मि.मी. असते. आज आपल्याकडील दुकानांत सहज मिळणारा एम-४ मेट्रिक स्क्रू ४ मि.मी. व्यासाचा व ०.७ मि.मी. अंतराचा. जाड नटात हा परका स्क्रू दोन-तीन फेऱ्यांत अडकतो व चूक उघडी पडते. १.२ मि.मी. जाडीच्या पत्र्यात मात्र जेमतेम दीड आटा असल्यामुळे तो विनातक्रार आत जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि उरलेला आटाही खाऊन टाकतो. ब्रिटिश यंत्रांत बीए पद्धतीचे स्क्रू असतात. त्यांपैकी २ बीए ४.७ मि.मी. व्यासाचा व ०.८१ मि.मी. अंतराचा आहे, त्यात एम-५ जोराने घुसविण्याचा मोह होतो. (बीएचे नाव ब्रिटिश, मुळातील मापे मात्र मेट्रिक, ही गंमतच म्हणावयाची.) मार्शलच्या प्रारंभीच्या ध्वनिवर्धकांप्रमाणे चॅसिस ॲल्युमिनियमचे असल्यास हा मोह अधिकच महागात पडतो.

तारेचे वेटोळे बसवून आटे नवे करण्याची पद्धत जाड ओतीव भागांत उत्तम. पातळ पत्र्यात वेटोळ्याला धरावयास जागाच नसते. पत्र्यामागे हात पोचत असेल तर आरपार बोल्ट व नट हाच उपाय बरा, कारण त्यात मूळ भोक मोठे करावे लागत नाही. हात पोचत नसेल तर चॅसिस बाहेर असतानाच ३ मि.मी. जाडीच्या पोलादी पट्टीत आटे पाडून ती मागील बाजूस कायम बसवावी. रिव्हेट-नट बसविणे सोपे आहे, परंतु त्याला मोठे भोक लागते व ते भोक पुन्हा लहान होत नाही. त्यामुळे लेखकाच्या मते तो शेवटचा उपाय होय. कोणतेही भोक पाडताना व्हॉल्व्हच्या बैठका चिकटपट्टीने झाकाव्यात. धातूचा एक कीस आत राहिला तरी शॉर्ट होण्यास पुरतो.

आटे जखडणारे द्रव १९५३ मध्ये व्हर्नन क्रीबल यांनी अमेरिकेत सिद्ध केले. हवा नसताना धातूच्या सान्निध्यात ते घट्ट होतात. ते विद्युत्-निरोधक असल्यामुळे भूसंपर्काच्या सांध्यावर त्यांचा थेंबही पडू देऊ नये.

भूसंपर्काच्या बोल्टाविषयी तडजोड नको. जुन्या अमेरिकन यंत्रांना पुष्कळदा दोनच तारांची दोरी असे. ती बदलून तीन तारांची बसविताना भूसंपर्काची तार रोहित्राच्या बोल्टाखाली दाबण्याची पद्धत सर्रास आढळते. तो बोल्ट रोहित्रासोबत सैल होतो, आणि वादकाच्या हातातील गिटारच्या तारा त्याच चॅसिसला जोडलेल्या असतात. म्हणून स्वतंत्र भोक, उघडा केलेला धातू, वळेदार टोकाची तार, दातेरी वॉशर, नट व त्यावर दुसरा नट अशी जोडणी करावी. नंतर प्लगच्या भूसंपर्क पिनेपासून चॅसिसपर्यंतचा रोध मोजावा, तो ०.१ ओहमच्या वर नसावा. मोजताना दोरी हलवून पाहावी, आणि आकडा चळला तर सांधा पुन्हा उघडावा.