खालच्या अंगाला कोण राहते?

धरणाचा धोकावर्ग भिंतीच्या भक्कमपणावर ठरत नाही. ही भिंत फुटली तर पाणी कुठवर जाईल आणि त्याच्या वाटेत कोण सापडेल, यावर तो ठरतो. अमेरिकेत माणसे दगावण्याची शक्यता असेल तर वर्ग 'उच्च', जीवितहानी संभवत नसली तरी मोठे आर्थिक नुकसान होणार असेल तर 'लक्षणीय', आणि नुकसान बव्हंशी मालकाच्याच जमिनीपुरते राहणार असेल तर 'कमी'. म्हणजे ठणठणीत धरणही 'उच्च' वर्गात असू शकते आणि खिळखिळे धरण 'कमी' वर्गात.

हवाईतल्या कवाई बेटावरचे का लोको धरण 'कमी' वर्गात होते. 1890च्या सुमारास उसाच्या मळ्यांना पाणी देण्यासाठी बांधलेले हे मातीचे धरण. पुढे साखर कंपनी बंद पडली, तलाव मात्र खासगी मालकीत तसाच राहिला. खाली ओढ्याकाठी घरे उभी राहिली, तरी कागदावरचा वर्ग बदलला नाही. अनेक आठवड्यांच्या पावसानंतर 14 मार्च 2006 च्या पहाटे धरण फुटले आणि सुमारे दीडशे कोटी लिटर पाणी दरीत उतरले. सात जण गेले; त्यांत एक गरोदर स्त्री होती.

मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. जादा पाणी सांडव्यातून निघून गेले नाही तर ते भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागते. आधी खालच्या उतारावरची माती सुटते, तिथे घळ पडते, ती घळ खणत खणत माथ्याकडे सरकते आणि तलावाला भिडली की पाणी स्वतःच वाट रुंद करत जाते. त्यानंतर ते थांबवणे कुणाच्याच हाती नसते. का लोकोचा सांडवा बुजवला गेल्याचे पुरावे स्वतंत्र चौकशीत पुढे आले. सरकारने या धरणाची एकदाही पाहणी केलेली नव्हती, हेही त्याच अहवालात आहे. मालकाला पुढे सात महिन्यांची कैद झाली. हवाईने 2007 मध्ये नवा कायदा केला आणि आज तिथली बहुतेक धरणे 'उच्च' वर्गात आहेत. मला यातला मालकाचा गुन्हा जितका अस्वस्थ करतो, तितकाच तो जुना शेराही. 'कमी' म्हटले की तपासणीची निकड संपते.

आपल्याकडे 2021च्या धरण सुरक्षा कायद्याने धोकावर्ग ठरवणे बंधनकारक केले आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे, मग तो शासन असो वा खासगी कंपनी. पण हा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना आणि 10 ते 15 मीटरच्या काही ठरावीक धरणांनाच लागू आहे. गावोगावचे बुटके पाझर तलाव त्याबाहेर राहतात. त्यांच्या खालच्या अंगाला घराची परवानगी देतानाच ग्रामपंचायतीने सांडव्याची पाहणी मागायला हवी.