पळालेला कैदी कोणाच्या हाती लागतो?
युद्ध, कैदी आणि कायदा : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात १९२९ च्या जिनिव्हा कराराची कलमे पाहिली. पळालेला युद्धकैदी पुन्हा सापडला, तर त्याला शिस्तभंगाची शिक्षा द्यावी, तीही फार तर ३० दिवसांची, हा नियम १९४९ च्या करारातही टिकला. तरीही पळून सापडलेल्या वैमानिकांपैकी काहींच्या वाट्याला गोळी आली, तर काही सुखरूप घरी पोचले. असे का व्हावे? माझ्या मते, कायदा काय सांगतो यापेक्षा कैद्याचा ताबा कोणाकडे जातो, यावर त्याचा जीव ठरतो.

२४ मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीच्या सागान छावणीतून ७६ वैमानिक भुयारातून निसटले. तिघे सुटले, ७३ सापडले. ही छावणी जर्मन हवाईदलाची होती, पण हिटलरच्या हुकमाने सापडलेले कैदी गेस्टापोच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, हवाली झाले आणि ५० जणांना ठार करण्यात आले. वाचलेल्या २३ जणांपैकी बहुतेकांची रवानगी पुन्हा त्याच छावणीत झाली, आणि तिथे त्यांना कोणी मारले नाही. कोणी म्हणेल, साध्या कपड्यांत, खोट्या कागदपत्रांवर फिरणारा माणूस हेरच ठरतो. पण मारेकऱ्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नसावा. ‘पुन्हा पळताना गोळी लागली’ अशी सबब त्यांनी कागदावर मांडली. त्यातून किती जखमी झाले, असे छावणीतल्या वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्याने विचारले, तेव्हा उत्तर आले, एकही नाही. पळणाऱ्या पन्नास जणांवर गोळीबार व्हावा आणि एकही नुसता जखमी होऊ नये, हे कोणाला पटेल? कृत्य कायद्यात बसत असते, तर खोट्याची गरजच पडली नसती.

आता आपला माणूस पाहू. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानात पडले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह ते रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि पेशावरमार्गे खैबरपर्यंत पोचले. लंडी कोतलला त्यांनी लंडी खानाची वाट विचारली आणि तिथेच संशय आला, कारण त्या स्टेशनापर्यंतची रेल्वे १९३२ सालीच बंद पडली होती. हेर समजून जागीच गोळी घातली जाण्याचा धोका होता. तेव्हा त्यांनी स्वतःला पाकिस्तानी हवाईदलाचे म्हणवून घेतले आणि उस्मान हमीद यांना फोन लावायला सांगितले. हमीद हे त्यांच्या छावणीचे आधीचे प्रमुख. फोनवर त्यांनी हे आपलेच लोक आहेत, त्यांना हात लावू नका, असे बजावले. ताबा हवाईदलाकडे गेला, जीव वाचला, आणि १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा ओलांडून मायदेशी आले.

यावर आक्षेप असा, की भारताकडे तेव्हा सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते, त्या धाकाने हे तिघे वाचले. धाक होता, हे खरे. पण १९४४ मध्येही ब्रिटनकडे जर्मन कैदी होतेच, आणि त्याने गेस्टापोचा हात थांबला नाही. आपल्याकडचेच आणखी एक उदाहरण घ्या. स्वातंत्र्यलढ्यातल्या माथेरानच्या भाई कोतवालांना तर कोणताच करार लागू नव्हता. ब्रिटिश सरकारच्या लेखी ते फरारी, माग काढणारे पोलीस. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. न्यायालयापुढे ते कधी उभेच राहिले नाहीत.

सागानच्या खुनांबद्दल १९४७ मध्ये हॅम्बर्गला खटला चालला आणि पुढच्या वर्षी १३ जण फासावर गेले. कायदा आला, पण पन्नास जीव गेल्यावर. म्हणून युद्धकैद्यांची बातमी वाचताना किती पकडले, एवढ्यावर थांबू नका. ते सैन्याच्या ताब्यात आहेत की गुप्त पोलिसांच्या, हे आधी शोधा.