खर्ज कुठे हरवतो?

घरी बनवलेल्या स्पीकरमधून खर्जाचे सूर क्षीण येतात का? नवा स्पीकर घेण्यापूर्वी खोके तपासा.

स्पीकरचा पडदा पुढे सरकला, की समोरची हवा दाबली जाते. त्याच वेळी मागची विरळ होते. १०० हर्ट्‌झच्या सुराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर! मागची अशी लांब लाट फटीतून निसटली, की वळसा घालून समोरच्या लाटेचा जोर कमी करते. म्हणून बंद खोक्याच्या फटी सरस व लाकडाच्या भुशाने बुजवा.

मग तारा सोडवून प्रत्येक स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचे धन टोक जिथे लावल्यावर पडदा बाहेर येतो, तिथे खूण करा. दोन्ही खुणा अँप्लिफायरच्या धन टोकांनाच जोडा. नाहीतर एक पडदा हवा ढकलेल, दुसरा ओढेल आणि खर्ज पुन्हा हरवेल!