लाखेची डाळ : तिचें पोषण, तिचें विष व सुधारलेलें बियाणें

क्षुधितांस धान्य देणें हें पुण्यकृत्य खरें. परंतु कोणतें धान्य, किती दिवस व कशाबरोबर द्यावयाचें, याचा विचार केल्यावांचून दान सफळ होत नाहीं. लाखेच्या डाळीची हकीकत हेंच सांगते. म्हणून ती दाते, व्यापारी व जमीनदार सद्गृहस्थांपुढें सादर करीत आहों.

लाख, लाखोळी, तेवडा किंवा खेसरी या नांवांचें हें कडधान्य पूर्व विदर्भांत व छत्तीसगडांत धानाच्या उभ्या पिकांत फेंकून पेरतात. धान कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर तें वाढतें. अवर्षण व पाणथळ, दोन्ही तें सोसतें. त्याच्या १०० भागांत प्रथिनें सुमारें २८ भाग असतात. तुरीच्या डाळींत २२, तांदुळांत अवघीं ७. तृणधान्यांत जें लायसीन कमी पडतें तें कडधान्यांत विपुल असतें, व कडधान्यांतील मेथिओनिनाची उणीव तृणधान्य भरून काढतें. म्हणूनच भात-वरणाची जोडी योग्य होय.

परंतु जें पीक दुष्काळांत टिकतें, तेंच दुष्काळांत एकटें खाल्लें जातें. सागर प्रांतीं १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षें गारा, अवर्षण व तांबेरा यांनीं गहूं बुडाला. तेवडा मात्र तरला. त्यावर निर्वाह केलेल्या तरुणांचे पाय १८३३ मध्यें लुळे पडूं लागले, असें स्लीमन यांनीं लिहून ठेविलें आहे. पुढें रीवा प्रांतांत वेठबिगारांस मजुरीबद्दल हेंच धान्य देण्याची रीत होती; तेथेंही पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष पंगु झाले.

याचें कारण बीटा-ओडॅप नांवाचें द्रव्य. तें १९६४ मध्यें बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील राव, आदिग व शर्मा यांनीं वेगळें काढिलें. हें अन्न दोन-तीन महिने मुख्य आहार झाल्यास पायांस चालना देणाऱ्या मज्जापेशी नष्ट होऊं शकतात. एकदां आलेल्या या पंगुत्वावर इलाज नाहीं. याच भयानें १९६१ मध्यें विक्रीबंदीचा नियम झाला. मिश्र आहारांत अल्प प्रमाणांत खाल्ल्यास सहसा अपाय होत नाहीं. डाळ भरपूर पाण्यांत उकळून तें पाणी टाकून दिल्यास विष बरेंच उतरतें. पण दुष्काळांत पाणी व सरपण यांचीच वाण असते.

यास्तव शास्त्रज्ञांनीं बियाण्याकडेच लक्ष वळविलें. विषाचें प्रमाण वाणागणिक निराळें असतें, म्हणजे तें अंशतः आनुवंशिक आहे. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें ऊतकसंवर्धनानें ‘रतन’ हा वाण सिद्ध केला. रायपूरच्या कृषि विद्यापीठानें ‘प्रतीक’ व ‘महातेवडा’ हे काढिले. त्यांत विष शेंकडा ०.१ च्या सुमारास किंवा त्याहून कमी असतें. तथापि कोरड्या जमिनींत तें वाढूं शकतें, आणि मधमाश्यांमुळें शेजारच्या जुन्या वाणाशीं संकर होऊन बियाणें बिघडतें.

तेव्हां जमीनदारांनीं सुधारलेलें बियाणें अलग शेतांत राखावें व मजुरी केवळ या धान्यांत कधींही देऊं नये; व्यापाऱ्यांनीं तें तुरीच्या वा हरभऱ्याच्या डाळींत मिसळूं नये; दात्यांनीं डाळीबरोबर ज्वारी-तांदूळ अवश्य द्यावे. ज्याचे पाय गेले त्यास पुढील सुकाळही उपयोगीं पडत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें, एवढीच विज्ञापना.