वाघिणी मोजताना

नाशिकरोडला रुळांच्या आसपास ज्याचे बालपण गेले, त्याला आकडे मुद्दाम शिकवावे लागत नाहीत. मालगाडी आली की आम्ही पोरे कुंपणापाशी धावत जाऊन डबे मोजत असू. वडील दुरुस्ती करीत, "डबा नव्हे रे, वाघीण म्हण!" इंग्रजी 'वॅगन'ची आपल्या लोकांनी वाघीण करून टाकली, हे पुढे मराठीचा प्राध्यापक झाल्यावर मी वर्गात कितीदा तरी सांगितले. पण या वाघिणी पोटात काय घेऊन येतात आणि कुठे जातात, हा प्रश्न मला चाळिशी ओलांडेपर्यंत पडला नव्हता.

तो पडला एका निबंधामुळे. विषय नेहमीचाच, 'आमच्या घरची दिवाळी'. साऱ्या वर्गाने उटणे, करंज्या आणि किल्ले लिहून काढले होते. एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या एका मुलाने मात्र लिहिले होते, 'लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रेक लागली. बाबा कामावर गेले. आईने त्यांच्या वाटची करंजी झाकून ठेवली.' मी त्याला बोलावून विचारले, तर म्हणाला, "सर, एकदा येऊनच बघा ना."

रीतसर परवानगी काढून गेलो. गोदावरीच्या काठचे हे औष्णिक वीजकेंद्र शहरापासून काही फार दूर नाही. पण आपण त्याची धुराडी तेवढी ओळखतो. येथले पहिले दोन संच १९७०-७१ सालचे. ते आता निवृत्त झाले. १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिलेले २१० मेगावॉटचे तीन संच उरले आहेत. मुलाचे वडील कोळसा उतरवण्याच्या विभागात होते. त्यांनी मला टिपलरपाशी उभे केले. एकेक वाघीण त्या यंत्रात शिरते, घट्ट धरली जाते आणि बघता बघता सबंध कुशीवर उलटते. साठ-पासष्ट टन कोळसा गडगडत खाली जातो, काळ्या धुळीचा लोट उठतो आणि रिकामी वाघीण निमूटपणे पुढे सरकते. तेथून पट्ट्यावरून कोळसा चालला भरडायला. मग दळण होऊन त्याचे पिठासारखे चूर्ण बनते, ते बॉयलरमध्ये फुंकतात आणि त्या आगीवर झालेली वाफ टर्बाइन फिरवते.

"पावसाळ्यात काय करता?" मी विचारले.

"काही विचारू नका, सर! ओला कोळसा चिखलासारखा होतो. वाघीण उलटी केली तरी तळाला चिकटून बसतो. मग माणसांनाच हात लावावा लागतो. आणि ठरल्या वेळेत गाडी रिकामी झाली नाही, तर रेल्वे तासावर दंड लावते. सण असो नाहीतर रात्र असो, रेक लागली की निघायचं."

घरी येऊन मी हिशेब मांडला. एक युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. महिन्याला शंभर युनिटे वापरणारे घर पंचाहत्तर किलो कोळसा जाळते. आजीच्या काळी वखारीतून गोण आणली की निदान हात तरी काळे होत. आपण बटण दाबतो, बोट स्वच्छ राहते. एक वाघीण म्हणजे अशा साडेआठशे घरांचा एक महिना. अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींची गाडी सुमारे ३,८०० टन आणते आणि पूर्ण ताकदीने चालणारा २१० मेगावॉटचा एक संच ती एका दिवसात फस्त करतो! शिवाय आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तर राखच असते. म्हणजे तीही आपण विदर्भातून भाडे भरून आणतो.

भाडे! सारी गोम येथेच आहे. वणी-चंद्रपूरकडून निघालेला कोळसा वर्धा, बडनेरा, भुसावळ, मनमाड असा सुमारे सातशे किलोमीटर प्रवास करून येथे पोचतो. चंद्रपूरचे केंद्र खाणींच्या उशाशी; त्याची वीज साहजिकच स्वस्त पडते. राज्याचे भार प्रेषण केंद्र स्वस्त वीज आधी घेते, महाग मागाहून. नियम वाजवी आहे. आपल्या बिलाच्या दृष्टीने तर हिताचाच. पण त्यामुळे एकलहऱ्याला कधी कधी निरोप येतो, संच बंद ठेवा.

"यंत्र बिघडलेलं नसतं, सर," ते गृहस्थ म्हणाले. "नुसतं लांबचं असतं."

जुन्या संचांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा संच व्हावा, ही येथली मागणी जुनी आहे. तो काही उभा राहिला नाही. "पोराला इथंच चिकटवावं असं मनात होतं," ते हळूच म्हणाले, "आता म्हणतो, शीक बाबा, जे शिकायचं ते."

धूर आणि राख सोसणारी गावेही याच परिसरातली. उद्या सूर्याची वीज कोळशाला मागे टाकील, तर त्याचे दुःख कोणी करू नये. परंतु तोवर ज्यांनी सणावारी वाघिणी रिकाम्या केल्या, त्यांचे पुढे काय, हेही त्या हिशेबात धरलेले असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रवासात आपली गाडी बाजूला थांबवून मालगाडी पुढे काढली की आपण चरफडतो. २०२२ च्या एप्रिलात उन्हाळा कडक आणि वीजकेंद्रांत कोळसा अपुरा, असा प्रसंग आला, तेव्हा रेल्वेने कोळशाला वाट देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या होत्या. तेव्हा मीही चरफडलो होतो. आता चरफडत नाही.

गेल्या लक्ष्मीपूजनाला गच्चीवर आकाशकंदील लावत होतो. दूर रुळांवर मालगाडीची शिट्टी वाजली. कन्या कठड्यापाशी धावली आणि मोजू लागली. "बाबा, अठ्ठावन्न डबे!"

"वाघिणी म्हण," मी म्हणालो, आणि एकलहऱ्याच्या एका घरात कुणाच्या वाटची करंजी झाकून ठेवली आहे, ते तिला सांगितले.