सॅकच्या पोटात पाऊस नको!

दोस्तांनो, जुलै महिन्यात वसई स्टेशनवर उतरून एव्हरशाईन सिटीपर्यंत कधी चालत आला आहात का? छत्री असते, रेनकोट असतो, तरी घरी येऊन दप्तर उघडावं तर वह्यांचे कोपरे फुगलेले! एवढ्याशा वाटेत ही गत, तर पलीकडे ढगांत बुडालेल्या तुंगारेश्वरच्या डोंगरात दिवसभर भिजल्यावर सॅकचं काय होत असेल?

काय होतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतली पाच-सहा मुलं घेऊन मी तिथं गेलो होतो. प्रत्येकाच्या सॅकवर रंगीत रेनकव्हर. दुपारी डबे खायला टेकलो आणि वारा सुटला. आठवीतला एक मुलगा कुडकुडायला लागला, ओठ निळसर. "अरे, सॅकमधला कोरडा शर्ट घाल," म्हटलं, तर तो शर्टच पिळायची वेळ आली! टॉवेलही तसाच. शेवटी एका मुलीचा स्वेटर कामाला आला. तिच्या आजीनं तो प्लास्टिकच्या पिशवीत बळेच कोंबून दिला होता. सकाळी त्यावरून आम्ही तिला किती चिडवलं होतं!

वसईच्या उकाड्यात थंडी कसली वाजते, असं वाटतं ना? पण पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. त्यात ओला सुती कपडा आणि वारा असला की झालंच. (आईबाबांसाठी: थरथरणारं मूल जडपणे बोलू लागलं, पाय अडखळू लागले, तर ओले कपडे उतरवून, कोरडं गुंडाळून तडक डॉक्टर गाठायचा.)

मग रेनकव्हर असूनही पाणी शिरलं कुठून? भातलावणीच्या वेळी शेतात इरलं पाहिलंय? वाकलेल्या माणसाचं डोकं आणि पाठ झाकतं, पुढची बाजू उघडीच. रेनकव्हर म्हणजे सॅकचं इरलं! तुमच्या पाठीला टेकलेली बाजू तशीच उघडी राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी तिथून कापडात झिरपतं, पट्ट्यांवरून शिवणीत उतरतं. शिवणीत सुईनं पाडलेली शेकडो भोकं असतात. शिवाय आत गेलेलं पाणी कव्हरच्या तळाशी साचतं आणि सॅक त्या डबक्यात बसते. म्हणजे बाहेरून कितीही झाका, पाणी येणारच. ते येऊ द्या, पण सामानापर्यंत पोचू देऊ नका.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. साखरेच्या किंवा धान्याच्या गोणीच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी वाण्याकडे मागा. नाहीतर रजईची जुनी पिशवी घ्या. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या पातळ असतात. घेतल्याच तर एकात एक अशा दोन. पिशवी सॅकमध्ये अस्तरासारखी उघडून ठेवा आणि सामान तिच्यात भरा. मग वरून दाबून हवा काढा, तोंड पिळा, हत्तीची सोंड दुमडावी तसं दुमडा आणि जाड रबरानं आवळा. नुसती दुमडून ठेवली तर पाणी आत जातंच.

ओला रेनकोट, पाण्याची बाटली, चिखलाच्या चपला या पिशवीच्या बाहेर. आत गेल्या तर सगळी मेहनत वाया! आणि घरी परत येताना घालायचा कपड्यांचा एक जोड वेगळ्या छोट्या पिशवीत बांधून अगदी मध्ये ठेवा. वाटेत कितीही भिजलात तरी चालताना त्याला हात लावायचा नाही. तो मुक्कामाचा किंवा संकटाचा. त्यात लोकरीचं काहीतरी हवंच, कारण लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. धनगराची घोंगडी काही उगीच नसते.

विश्वास बसत नाही? मग ही गंमत करून बघा. सॅकमध्ये रद्दीच्या चार घड्या ठेवा: एक तळाशी, एक पाठीच्या बाजूला, एक चेनखाली आणि एक बांधलेल्या पिशवीत. रेनकव्हर घाला आणि सॅक पाठीला लावून पावसात गच्चीवर अर्धा तास फिरा. (विजा कडाडत असतील तर मात्र नाही, आणि गच्चीची किल्ली विचारून घ्या.) मग घड्या काढून बघा. पाठीकडच्या घडीवर माझी पैज आहे!

एक मात्र खरं, सामान कोरडं असलं म्हणून भरलेला ओढा ओलांडता येत नाही. पावसाळ्यात चिंचोटीसारख्या धबधब्यांवर जायला अनेकदा बंदी असते. तशी असली तर मुकाट्यानं घरी बसून भजी खायची.

आणि घरी आल्यावर सॅक कोपऱ्यात टाकून झोपू नका. सगळी रिकामी करा, पिशवी उलटी करून पुसा आणि सॅक तोंड खाली करून पंख्याखाली टांगा. आपल्या वसईच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, आणि तो वास आईला तुमच्याआधी येतो.